दंडावरचा अखबारनवीस

रक्ततपासणीपूर्वीचे दोन दिवस हा आपल्या मध्यमवर्गीय आयुष्यातील सर्वांत निष्कलंक कालखंड असतो. ज्या गृहस्थाने गेल्या तीन महिन्यांत लग्नाच्या पंगती, बारशाचे पेढे आणि कचेरीतील बढतीनिमित्त फिरलेले बर्फीचे पुडे यांपैकी कशाचाही अव्हेर करून कोणाचे मन दुखवलेले नसते, तोच गृहस्थ तपासणीची तारीख समीप येताच अकस्मात कारल्याच्या रसाकडे वळतो, रात्री अर्ध्या भाकरीवर हात धुतो, पहाटे टेकडी चढून येतो आणि तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी दंड पुढे करताना त्याच्या मुद्रेवर असे काही तेज विलसत असते की, सुई टोचणाऱ्या मुलीला आपण एखाद्या व्रतस्थ पुरुषाचे रक्त घेत आहोत असा भास व्हावा. अहवाल येतो, ‘फास्टिंग’चा आकडा बरा निघतो, अहवाल घेऊन परतताना वाटेत मिठाईचे दुकान लागते आणि पुढल्या कालखंडास प्रारंभ होतो.

या सुखी व्यवस्थेला पहिला सुरुंग लावला तो एचबीएवनसी नामक चाचणीने. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्या अवधीत रक्तातून जशी साखर फिरेल तशी ती त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून राहते. त्यामुळे दोन दिवसांच्या कारल्याच्या रसाने प्रयोगशाळेतील मुलगी फसे, पेशी फसत नसत. तथापि ही चाचणी झाली तरी सरासरीच सांगणार. तीन महिन्यांचा जमाखर्च एका आकड्यात गोळा झाला की त्यात कोजागरी कोठे, दिवाळी कोठे आणि मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा कोठे, याचा ठावठिकाणा प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही लागणे शक्य नव्हते. गुन्हा शाबीत होई. परंतु तारीख, वेळ आणि मुद्देमाल यांसह पंचनामा होत नसे, आणि ज्यांची हयात सरकारी नोकरीत गेली आहे ते जाणतात की, पंचनाम्यावाचून शाबीत झालेल्या गुन्ह्याने माणसाच्या झोपेत काडीचाही व्यत्यय येत नाही.

तो पंचनामा आता माणसाच्या दंडावर मुक्कामाला आला आहे. आमच्या सोसायटीत एक निवृत्त तहसीलदार राहतात; हुद्दा तहसीलदाराचा असला तरी सारी सोसायटी त्यांना मामलेदारसाहेब म्हणते आणि त्यांनीही या जुन्या पदवीला कधी हरकत घेतलेली नाही. त्यांचे चिरंजीव न्यू जर्सीत संगणकाच्या नोकरीत आहेत. तिकडल्या माणसाला आईबापांची काळजी वाटू लागली की ती एखाद्या यंत्राच्या रूपाने पार्सलात बसून घरी येते. रक्तदाबाचे यंत्र आले, पावले मोजणारे घड्याळ आले, आणि अखेरीस शर्करेची सतत टेहळणी करणारी ही पांढरी चकती आली. ती बसवण्याचा समारंभ होता त्या दिवशी मला पंच म्हणून बोलावणे आले.

चकती जुन्या चांदीच्या रुपयाहून किंचित मोठी आणि तीन-चार नाणी एकावर एक ठेवावीत इतकी जाड असते. तिच्या पोटातून सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा, नजरेला जेमतेम दिसेल असा एक तंतू निघतो व तो कातडीखाली जाऊन राहतो. बसवण्याचे साधन शिक्क्यासारखे दंडाच्या मागल्या अंगावर ठेवून दाबायचे, की आतील कमान सुटून सुई तंतूला आत पोहोचवते आणि स्वतः परत येते. मामलेदारसाहेबांनी डोळे मिटून घेतले, दात आवळले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के उमटवणाऱ्या त्या गृहस्थाच्या दंडावर ‘खट्’ असा आवाज झाला, आणि काही क्षणांनी त्यांनी क्षीण स्वरात सांगितले, “करा आता.” “अहो, झाले केव्हाच,” वहिनी म्हणाल्या. यंत्राला आत स्थिरस्थावर होण्यास सुमारे एक तास लागतो व तोपर्यंत ते मौन पाळते, असे पत्रकात छापले होते. त्या तासाचा विनियोग मामलेदारसाहेबांनी स्वयंपाकघरातील कोणत्या डब्याच्या सान्निध्यात केला हे मी पंच या नात्याने डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु माझी साक्ष कोणी काढली नाही.

पेशवाईत दरबारोदरबारी परक्यांचे अखबारनवीस राहत असत. त्यांचे काम काय ते सर्वांना ठाऊक असे. ते उजळ माथ्याने वावरत, मेजवान्यांना हजर राहत आणि रात्री कोण कोणाच्या कानाला लागला याचा खलिता आपल्या धन्याकडे रवाना करीत. दंडावरची चकती ही त्याच परंपरेतील होय. आणि जुन्या अखबारनविसाप्रमाणे तिलाही खुद्द खलबतखान्यात प्रवेश नसतो, ही तिची मर्मस्थानी असलेली अडचण अनेकांना ठाऊक नसते. तंतू रक्तवाहिनीत नसतो. तो पेशींच्या आजूबाजूला जो पाणथळ द्रव असतो त्यात उभा असतो. साखर आधी रक्तात येते, मग सावकाश झिरपत या द्रवात उतरते. म्हणून बातमी पाच-दहा मिनिटे शिळी असते. तंतूच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर लावलेले असते, ते साखरेच्या कणाला गाठून त्याचे रूपांतर करते, त्या खटपटीत विजेचा अत्यल्प प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो मोजला की साखर कळते. विकराला विजेच्या तारेशी बांधण्याची ही युक्ती अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी 1962 साली मांडली. त्यांना यातून रुग्णांचे कल्याण अभिप्रेत होते; तिची मजल मामलेदारसाहेबांच्या श्रीखंडापर्यंत जाईल, याची कल्पना त्या सज्जन गृहस्थांना येणे शक्य नव्हते.

पहिला मोठा प्रसंग आषाढी एकादशीला आला. मामलेदारसाहेबांचा उपवास कडक असतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ व दाण्याची आमटी, चारच्या सुमारास रताळ्याचे काप, रात्री पुन्हा खिचडी, आणि मध्ये केवळ शास्त्राला म्हणून खजूर. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून रचली, याबद्दल त्यांच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु म्हण ही समस्त समाजाला लागू असते आणि म्हणून कोणालाच लागत नाही. आलेखाचे तसे नव्हते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि पिष्टाची साखर होण्यास फारसा विलंब लागत नाही. तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर सकाळी साडेनवापासून जी चढण लागली ती पाहता पाहता सह्याद्रीसारखी उभी राहिली, मध्ये एकदा किंचित खिंड पडली, आणि रताळ्यांच्या सुमारास तिने पुन्हा कळसूबाईची उंची गाठली. आदल्या दिवशी, म्हणजे उपवास नसताना, भाजीभाकरीवर तीच रेषा मैदानातून चालली होती. मामलेदारसाहेबांनी दोन्ही दिवसांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ वेळ अवलोकन केले आणि मग निर्णय दिला की, यंत्र परदेशी असल्यामुळे त्याला एकादशी समजत नाही.

यानंतर त्यांनी एक फूलस्केप वही घातली. आलेखात जेथे जेथे प्रतिकूल नोंद होईल तेथे तेथे वहीत तारीखवार खुलासा लिहायचा, हा त्यांचा खाक्या. “दुपारी 2.10, आकडा 241. सबब : साडूंचे आगमन. आग्रह मोडता आला नाही.” “सायंकाळी 6.40, आकडा 228. सबब : प्रसाद. नाकारणे धर्मास अनुसरून नव्हते.” “रात्री 9.30, आकडा 236. सबब : आंबा. हंगाम संपत आला आहे.” ही वही डॉक्टरांसमोर ठेवण्यात आली तेव्हा त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि शेवटच्या पानावर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केली, त्यायोगे आपले सर्व खुलासे मंजूर झाले, असा मामलेदारसाहेबांचा समज झालेला आहे.

परंतु डॉक्टर हे महिन्यातून एकदा भेटतात. खरी वसुली होते ती घरून, आणि त्याहून सक्त ती परदेशातून. या यंत्रांची अशी सोय असते की, आकडे ज्याच्या दंडातून निघाले त्याच्यापुरते न राहता त्याने संमती दिलेल्या आप्तेष्टांच्या मोबाइलवरही जातात. मामलेदारसाहेबांनी संमती कधी दिली हे त्यांना आठवत नाही. चिरंजीव सुटीत आले असता “बाबा, इथे बोट लावा” असे त्यांनी सांगितले आणि बाबांनी लावले. मजकूर न वाचता अंगठा उठवू नये असे तालुक्यातील खातेदारांना जन्मभर बजावणाऱ्या अधिकाऱ्याची ही गत. तेव्हापासून पुण्यात गुलाबजाम गिळला की न्यू जर्सीत सून जागी होते.

एके रात्री तीनच्या सुमारास फोन वाजला. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाची सायंकाळ होती आणि कचेरीतून निघता निघता चिरंजीवांच्या पडद्यावर तांबडा इशारा उमटला होता की, वडिलांची साखर घसरून 58 वर आली आहे. “बाबा, उठा, आधी साखर खा, मग बोला.” घरात दिवे लागले, वहिनींनी साखरेचा डबा आणला, मामलेदारसाहेबांनी नुसती साखर घशाखाली उतरत नसल्याची तक्रार केली, म्हणून पेढे काढण्यात आले, आणि पुत्राच्या लेखी नसली तरी तोंडी आज्ञेने, धर्मपत्नीच्या हस्ते, मध्यरात्री राजरोसपणे तीन पेढे खाण्याचा योग त्यांच्या आयुष्यात आला. सकाळी बोटाला टोचून पाहिले तेव्हा रक्तात साखर चांगली भरभक्कम निघाली. डॉक्टरांनी उलगडा केला तो असा : माणूस चकतीच्या कुशीवर झोपला की दाबामुळे त्या ठिकाणचा द्रव बाजूला सरतो, तंतूच्या वाट्याला साखर येत नाही, आणि यंत्र हाकाटी करते की साखर संपली. खोट्या इशाऱ्याचे हे कारण सर्वश्रुत आहे; त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या कुशीवर झोपावे, असे डॉक्टरांनी सुचवले. मामलेदारसाहेबांनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ते नियमाने चकतीच्याच कुशीवर झोपू लागले.

शर्करेची ही हेरगिरी नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे त्याच्या पूर्वलक्षणांत नमूद आहे. म्हणजे या देशात पहिले निदानयंत्र मुंगी हे होय. तिला विद्युत्घट लागत नसे, तिची मुदत संपत नसे, आणि मुख्य म्हणजे तिला जे समजले ते ती परदेशस्थ मुलाला कळवत नसे. सतराव्या शतकात इंग्लंडातील टॉमस विलिस या वैद्याने मुंगीवर न विसंबता स्वतःच रुची पाहून माधुर्याची ग्वाही दिली. वैद्यकाच्या इतिहासात शौर्याचे अनेक प्रसंग आहेत. पण विलिसच्या पंक्तीला बसण्याची कोणाची तयारी दिसत नाही.

यंत्रयुगातील प्रयत्नांत 2001 साली अमेरिकन सरकारची मान्यता मिळालेले ‘ग्लुकोवॉच’ मला विशेष प्रिय आहे. ते मनगटावर घड्याळाप्रमाणे बांधायचे. विजेच्या सौम्य प्रवाहाने ते कातडीतून द्रव ओढून घेई व त्यातील साखर मोजी. कातडीची आग होई, ती गोष्ट निराळी. पण त्याचा खरा स्वभावदोष असा की, माणसाला घाम आला म्हणजे घामातल्या साखरेने हिशेब चुकेल या भीतीने ते मोजणीच रहित करी. आता मधुमेह्याची साखर धोकादायकरीत्या उतरू लागली की जी पहिली लक्षणे दिसतात त्यांत दरदरून सुटणारा घाम हे प्रमुख होय. म्हणजे ज्या क्षणी बातमी हवी, नेमक्या त्याच क्षणी अखबारनवीस रजेवर. आमच्या कोकणात, मे महिन्यात, त्या घड्याळाने वेळेखेरीज दुसरे काही सांगितले असते असे मला वाटत नाही. पुढे ते बाजारातून नाहीसे झाले. त्यानंतर 2014 साली गूगलने अश्रूंतील साखर मोजणारे डोळ्यात घालायचे भिंग जाहीर केले. चार वर्षांच्या खटपटीनंतर, अश्रूंतील साखर आणि रक्तातील साखर यांचा मेळ भरवशाने बसत नाही असे कबूल करून ते काम थांबवण्यात आले. सायंकाळी सात ते दहा या वेळात दूरदर्शन संचापुढे बसून परक्यांच्या सुनांसाठी आसवे गाळणाऱ्या कोणाही गृहिणीने हे त्यांना आरंभीच सांगितले असते.

घामाने मात्र पुढे आपली अब्रू परत मिळवली. 2016 साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन रॉजर्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रबरासारख्या मऊ सिलिकोनची एक चिकटपट्टी सिद्ध केली. तिच्या पोटात केसाच्या जाडीशी स्पर्धा करणाऱ्या नागमोडी नलिका कोरलेल्या असतात. घर्मग्रंथींच्या स्वतःच्याच दाबाने व केशाकर्षणाने घाम त्यांत चढत जातो आणि ठिकठिकाणी ठेवलेल्या रसायनांना भेटून रंग पालटतो. विद्युत्घट नाही, पंप नाही. रंगाचे छायाचित्र मोबाइलने काढले की क्षार किती गेले, आम्लता किती, हे कळते. अॅरिझोनातील टुसान येथे सायकलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्वारांच्या हातांवर ती चिकटवून पाहण्यात आली. 2021 पासून तिकडे एका प्रसिद्ध पेयाच्या नावाने अशी पट्टी विकतही मिळू लागली : एक रेषा नारिंगी होत जाते व घाम किती गेला ते सांगते, दुसरी जांभळी होऊन क्षारांचा हिशेब देते, आणि दोन्हींचा निष्कर्ष ते पेय प्यावे असा निघतो. ज्यांच्या घामाचा हिशेब खरोखर ठेवला पाहिजे ते फडात ऊस तोडीत असतात. पट्टी तूर्त थंड हवेच्या व्यायामशाळेत वर्गणी भरून घाम विकत घेणाऱ्यांच्या हातावर आहे.

या नलिकांचे शास्त्र मोठे मौजेचे आहे. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी 1883 साली मँचेस्टरात काचेच्या नळीतून पाणी वाहवून त्यात रंगाची धार सोडली आणि वेग बेताचा असला की रंग इकडे तिकडे न पसरता सरळ रेषेत जातो, वेग वाढला की खळबळ माजते, असे दाखवून दिले. नळी जितकी अरुंद तितकी ही खळबळ अवघड. केसाएवढ्या नळीत ती जवळजवळ अशक्यच. म्हणून तेथे दोन द्रव एकत्र सोडले तर ते एका वाड्यात राहणाऱ्या व कोर्टात दावा चालू असलेल्या चुलतभावांप्रमाणे अंगाला अंग लावून शेवटपर्यंत जातात, पण मिसळत नाहीत. जे काय झिरपेल तेवढीच देवघेव. त्यांना एकत्र आणायचे तर शास्त्रज्ञांना नळीच्या तळाशी तिरक्या खाचा पाडून प्रवाहाला मुद्दाम पिळावे लागते. दावा लांबवण्याऐवजी मिटवण्यासाठी योजलेल्या खाचा मी तरी प्रथमच ऐकल्या.

आता काटेकोर वाचक म्हणेल की, मामलेदारसाहेबांच्या दंडावरच्या तंतूत अशी नलिका कोठे आहे? नाही, हे मान्य. तो या घराण्यातला दूरचा नातलग. पण देहाच्या आत बसवून द्रवाचे थेंब मोजूनमापून सोडणारी साधने याच कुळातील होत, आणि त्यांतील एकाची कथा विनोदी लेखात येण्यासारखी नसूनही मला गाळवत नाही. 1960 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. गाडीत लेखक रोआल्ड डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ होता. कवटीला मार लागून मेंदूत पाणी साठू लागले. ते पाणी नळीवाटे खाली उतरवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा होत असे, परंतु नळीतील पडदा पुनःपुन्हा तुंबे आणि प्रत्येक वेळी त्या अर्भकाची दृष्टी व जीव टांगणीला लागत. डाल यांना स्टॅन्ली वेड नावाचे एक गृहस्थ माहीत होते. खेळण्यातील विमानांच्या इंजिनांना इंधन पुरवणारे चिमुकले पंप बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील शल्यविशारद केनेथ टिल यांना सोबत घेऊन या तिघांनी न तुंबणारी पोलादी झडप तयार केली. 1962 मध्ये ती सिद्ध झाली तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. ती पुढे हजारो परक्या मुलांच्या मस्तकात बसली. तिघांनीही तिच्यावर नफा घेतला नाही.

याच क्षेत्रात दुसऱ्या टोकाला थेरॅनोस ही अमेरिकन कंपनी होती. विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट टाकलेल्या एलिझाबेथ होम्स यांनी 2003 साली ती काढली तेव्हा मूळ कल्पना अंगावर चिकटवण्याच्या पट्टीचीच होती : पट्टीने रक्त तपासावे आणि पट्टीनेच औषध द्यावे. पट्टी काही जमली नाही. मग बोटाच्या थेंबभर रक्तात असंख्य तपासण्या करण्याचे जाहीर झाले, कंपनीची किंमत 9 अब्ज डॉलरांवर गेली, माजी मंत्री आणि सेनानी संचालक मंडळावर विराजमान झाले, आणि यंत्र काय ते तेवढे चालले नाही. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल बाईंना 2022 साली अकरा वर्षांहून अधिक कैद झाली. खेळण्याच्या पंपवाल्याला कोणी संचालक मंडळ दिले नव्हते, हे त्याचे भाग्य.

अंगात दीर्घकाळ राहणारे शर्करामापकही निघाले आहे. ‘एव्हरसेन्स’ नावाची बारीक कांडी डॉक्टर दंडाच्या कातडीखाली छोटी चीर देऊन ठेवतात. 2018 मध्ये अमेरिकेत ती 90 दिवसांसाठी मान्य झाली आणि 2024 मध्ये वर्षभरासाठी. चिरंजीवांनी फोनवर तिची वर्णने ऐकवली तेव्हा मामलेदारसाहेबांनी साफ नकार कळवला : “पंधरवड्याचा माणूस परवडला. वर्षभराची नेमणूक झाली की तो डोईजड होतो.” त्याहून नवलाची चीज एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी 1999 साली दाखवली होती. एका चिपेत औषधाच्या सूक्ष्म कुप्या, त्यांवर सोन्याचा पातळ पत्रा, आणि विजेचा संकेत मिळाला की पत्रा विरघळून औषध बाहेर. पुढे डेन्मार्कमधील हाडे ठिसूळ झालेल्या काही वयस्क स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखाली अशीच चीज बसवून, बाहेरून बिनतारी आज्ञा देऊन, रोजचा डोस सोडण्यात आला. तेव्हा सोन्याऐवजी प्लॅटिनम व टायटॅनियम वापरले होते. हे सांगितल्यावर वहिनींनी एकच प्रश्न विचारला, आणि तो सोने विरघळून जाते कोठे, हा होता.

थट्टा करणे सोपे आहे. तंतू जेव्हा खऱ्या घसरणीची वर्दी वेळीच देतो तेव्हा माणूस वाचतो, आणि इन्शुलिन घेणाऱ्या लहान मुलांच्या आया या यंत्रामुळे प्रथमच रात्री झोपू लागल्या आहेत. शिवाय आपण कोणत्या देशात राहतो हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्याकडे सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत, आणि प्रमाणात गोव्याचा क्रमांक 26.4 टक्क्यांनिशी सर्वांत वरचा. शेजारच्या राज्याला इतकी गोडी कोठून आली हे तेथल्या बेबिंकालाच विचारावे लागेल.

प्रश्न उरतो तो शिष्टाचाराचा. साखर 70 ते 180 या हद्दीत दिवसाचा किमान 70 टक्के वेळ असावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. त्या टक्केवारीने आमच्या सोसायटीत जे घडले ते शालान्त परीक्षेच्या निकालानंतरही घडत नसे. बागेतील बाकावर चार दंड चार चकत्या घेऊन बसतात. “माझे 81.” “माझे 76, पण आमच्याकडे श्राद्ध होते.” ज्याचे 59 ते गृहस्थ हल्ली दुसऱ्या बाकावर बसतात. एका बैठकीत तर एकाला मधुमेह नाही असे उघडकीस आले. त्याने हौसेखातर काही हजार रुपये मोजून चकती लावली होती आणि 97 टक्के मिळवून तो सर्वांना उपदेश करीत होता. त्याचे नाव वर्गणीदारांच्या यादीतून कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

भाद्रपद उजाडला आणि मामलेदारसाहेबांच्या चालू चकतीची चौदा दिवसांची मुदत हरितालिकेच्या रात्री संपली. नवी चकती कपाटात सीलबंद तयार होती. परंतु ती बसवण्याचा मुहूर्त काही निघेना. चतुर्थीला उकडीचे एकवीस मोदक देवापुढे गेले आणि देवाकडून परत आले. गौरी आल्या, जेवल्या, त्यांच्या पुरणपोळीला मी स्वतः हजर होतो. पान मांडले जात असतानाच न्यू जर्सीचा फोन आला.

“बाबा, चार दिवस आलेख दिसत नाही.”

“अरे, दप्तर फेरतपासणीला गेले आहे,” मामलेदारसाहेब तुपाची वाटी पोळीवर ओतीत म्हणाले, “अनंत चतुर्दशीनंतर चौकशी कर.”

“आईला फोन द्या.”

वहिनींच्या तोंडात पहिला घास होता, आणि त्यांच्या स्वतःच्या दंडावर कोणाचीच नेमणूक नसल्यामुळे त्या तो निवांतपणे चघळीत होत्या; त्यांनी खुणेने फोन माझ्याकडे सरकवला. मी तो कानाला लावला आणि न्यू जर्सीत यंदा पाऊसपाणी कसे काय आहे, याची सविस्तर विचारपूस सुरू केली.